आधी फ्रेम बघ

अगं, ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीसाठी, सायकल घ्यायची म्हणतेस, तर दुकानात जाण्याआधी एवढं ऐक. सीट बदलता येते, टायर बदलता येतात. फ्रेम बदलायची म्हणजे नवी सायकलच. तेव्हा सगळी चिकित्सा आधी फ्रेमची कर.

शर्यतीच्या सायकलचं हँडल खाली आणि लांब असतं. तासभर छान वाटतं. पण ब्रेव्हेत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. इतका वेळ मान वर ताणून रस्ता बघता येत नाही. म्हणून 'एंड्युरन्स' बनावटीची माग. तिचं हँडल उंच आणि जरा जवळ असतं. नुसत्या 'मिडियम'वर विसंबू नकोस, दोन कंपन्यांचं मिडियम सारखं नसतं. उंचीसाठी स्टॅक आणि लांबीसाठी रीच, हे दोन आकडे विचार आणि ताडून बघ.

मग बसून बघ. पॅडल अगदी खाली असताना टाच टेकवली की पाय नुकता सरळ व्हावा. चवडा ठेवलास की गुडघ्यात थोडा बाक उरतो. सीटची उंची साधारण तिथेच. आता ब्रेकच्या मुठींवर हात ठेव. कोपर सैल राहिले पाहिजेत. दुकानासमोर एक चक्कर मारून काही कळत नाही, अर्धा तास तरी चालवायला माग. तेवढ्यात बोटांना मुंग्या आल्या तर सगळा भार हातांवर येतोय.

फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचा टायर मावतो का, मडगार्डला भोकं आहेत का, दोन बाटल्या बसतात का, तेही पाहून घे. रुंद टायरात हवा थोडी कमी ठेवता येते आणि खडबडीत रस्ता अंगात शिरत नाही. टायरवर छापलेला आकडा कमाल हवेचा असतो. तेवढी भरायची सक्ती नाही. स्टील की कार्बन यावर मात्र झोप घालवू नकोस.

गिअर हलके घे. पुढचं लहान चक्र ३४ दातांचं, मागचं मोठं ३२ किंवा ३४ चं. दमल्यावर पसरणी घाट चढताना तेच गुडघे वाचवतात.

मऊ गुबगुबीत सीट घेऊ नकोस. हाडं तिच्यात रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेव, त्यावर बस आणि पाय थोडे उचल. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोज आणि ते सांगूनच सीट माग. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवणीनं कातडी सोलवटते.

आणि हँडलखालच्या नळीवर स्पेसर म्हणतात त्या चकत्या असतात. 'त्या काढून जास्तीची नळी कापून देतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हण. निदान दोन-तीन लांबच्या फेऱ्या होऊ देत. कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही.