रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

निर्मल परिसरातील मराठी भगिनी मला दवाखान्यात वारंवार विचारतात, “डॉक्टर, थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?” उत्तरासाठी शरीरातील संदेशव्यवस्था जाणून घेणे आवश्यक आहे.

अंतःस्रावी ग्रंथी आपली संप्रेरके थेट रक्तात सोडतात. मानेतील अवटू ग्रंथी आहारातील आयोडीन वापरून थायरॉक्सिन तयार करते व चयापचयाचा वेग राखते. तिच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची देखरेख असते. थायरॉक्सिन घटले की पियूषिका टीएसएच वाढविते. ते पुरेसे झाले की टीएसएच उतरते. म्हणूनच अवटू मंदावली की टीएसएचचा आकडा चढतो.

आयोडीनच्या अभावाविरुद्ध आपल्या देशात १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जात आहे. आयोडीनयुक्त मीठ मिळत असूनही प्रौढांची अवटू मंदावते, कारण बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटलेली असते. अशी ग्रंथी सहसा पूर्ववत होत नाही. गोळी केवळ उणीव भरून काढते; नॉर्मल रिपोर्ट हे त्या गोळीचेच फळ होय. थायरॉक्सिन रक्तातून सावकाश घटते, म्हणून गोळी सोडल्यावर त्रास लगेच जाणवत नाही व फसगत होते.

गर्भवतींनी विशेष दक्ष असावे. पहिले सुमारे ३ महिने गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. ‘गरोदरपणी औषध नको’ म्हणून गोळी थांबविल्यास हानी बाळाची होते. उलट, बहुधा मात्रा वाढवावी लागते. दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच तपासून घ्यावे आणि गोळीबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांवर सोपवावा.