चारशेचा गाळा साडेसातशेला पडतो

1989 साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका माणसाने भाडं थकलेला गाळा जेमतेम शंभर डॉलरला घेतला. आत घोंगड्यांखाली झाकलेली निघाली ती जेम्स बाँडच्या चित्रपटात पाण्याखाली धावणारी पांढरी लोटस गाडी. 2013 मध्ये ती लंडनच्या लिलावात साडेपाच लाख पौंडांना गेली. घेणारा इलॉन मस्क. ही गोष्ट खरी आहे, आणि तिनेच घोळ केलाय: प्रत्येक गाळ्यात असंच घबाड असेल असं वाटायला लागतं. त्यात 2010 मध्ये अशा गाळ्यांच्या लिलावांवरचा ‘स्टोरेज वॉर्स’ हा कार्यक्रम टीव्हीवर आला. त्यातल्याच एका खरेदीदाराने 2012 मध्ये खटला भरला आणि गाळ्यांत माल आधीच पेरला जातो असा आरोप केला, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

अमेरिकेत घरात न मावणारं सामान लोक भाड्याच्या गाळ्यात ठेवतात. भाडं थकलं की नोटीस, जाहिरात आणि मग लिलाव, असा क्रम प्रत्येक राज्याच्या कायद्यात थोड्या फरकाने आहे. मूळ भाडेकरूने लिलावाआधी थकबाकी भरली तर लिलाव रद्द. त्यामुळे सुट्टी टाकून, ट्रक आधीच ठरवून बसू नका. हल्ली बोली बहुतेक ऑनलाइनच लागते. दारातून काढलेले सात-आठ फोटो, त्यावर निर्णय. प्रत्यक्ष लिलाव असला तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही.

आता पैशाचं बघू. न्यू जर्सीत दहा बाय दहाचा गाळा तुम्ही 400 डॉलरला घेतलात असं धरा. आकडे अंदाजाचे आहेत, पण क्रम असाच असतो. लिलाव लावणारी साइट बोलीवर आपलं कमिशन चढवते. ते 15 टक्के धरलं तर 60 डॉलर. वर 6.625 टक्के विक्रीकर, म्हणजे साधारण 30. (व्यवसायाची नोंदणी करून पुनर्विक्रीचा दाखला दिला तर खरेदीच्या वेळचा हा कर वाचतो, विकताना गिऱ्हाइकाकडून घेऊन भरावा लागतो.) भाड्याने मिळणाऱ्या यू-हॉलच्या ट्रकवर 19.95 किंवा 39.95 लिहिलेलं असतं, ते नुसतं दिवसाचं भाडं. मैलाचे पैसे, विमा, पेट्रोल धरून 90 कुठे गेले नाहीत. हाताखाली एक माणूस अर्धा दिवस, 100. कचरा डेपोवर टाकायचे 60. स्वतःचं नवं कुलूप 15, कारण बोली जिंकली की त्या दाराला तुमचं कुलूप लागतं. बेरीज 755. सफाईची अनामत, बहुधा शंभर डॉलर, वेगळी. गाळा झाडून रिकामा दिला तर ती परत मिळते.

समजा सगळा माल 1,100 डॉलरला गेला. त्यातला निम्मा ईबेवर विकलात तर बहुतेक प्रकारच्या वस्तूंवर सुमारे 13 टक्के कापले जातात, म्हणजे 72. खोकी, चिकटपट्टी वगैरे 40. हातात 233 डॉलर. आता तास मोजा: उपसणं, निवडणं, फोटो, ‘आहे का अजून?’ विचारून गायब होणाऱ्यांना उत्तरं. पंचवीस तास सहज जातात. ताशी नऊ-साडेनऊ डॉलर झाले, आणि याच राज्यात किमान वेतन पंधराच्या वर आहे. प्राप्तिकर अजून धरलाच नाही.

मग कमावतात कोण? ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रक आणि माल ठेवायला जागा आहे ते. आपल्याकडच्या जुन्या बाजारातल्या दुकानदारासारखी त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं असतात. ते फोटोत वस्तू कमी आणि माणूस जास्त बघतात. झाकणाचे पारदर्शक डबे, नीट लावलेली खोकी, त्यावर मार्करने लिहिलेली नावं: हा जपून ठेवणारा माणूस होता. काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणि तोंडाशीच उभी केलेली गादी दिसली की मी पुढचा फोटो बघत नाही. गादी, जुना सोफा, जाडजूड टीव्ही हे सगळं उलट तुमच्याकडूनच पैसे घेऊन जातं. हत्यारांच्या पेट्या मात्र पटकन खपतात. लहान मुलांचा पाळणा निघाला तर जपून: एक बाजू खाली सरकणारे पाळणे 2011 पासून विकायला बंदी आहे.

गाळा रिकामा करायची मुदत बहुधा 48 ते 72 तासांची. शुक्रवारी संध्याकाळी संपणारा लिलाव म्हणून नोकरदाराला बरा. नको असलेल्या चांगल्या वस्तू गुडविलसारख्या संस्था घेतात, पण कचरा डेपो रविवारी बंद असतो का ते आधी बघून ठेवा. मी बघितलं नव्हतं; दोन ओल्या गाद्या गॅरेजमध्ये आणि घरात अबोला, असा एक आठवडा काढला.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी याहून मोठी अडचण व्हिसाची. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर परवानगी फक्त ज्याने तो काढला त्या मालकाकडच्या नोकरीची असते. घरातला जुना सोफा विकणं वेगळं आणि नफ्यासाठी गाळे घेऊन विकत बसणं वेगळं. दुसरं विनापरवाना काम ठरू शकतं. एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावरच्या, वर्क परमिट नसलेल्या जोडीदाराच्या नावावर हा धंदा केल्यानेही सुटका नाही. पहिल्या बोलीआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि ती फीसुद्धा वरच्या हिशोबात धरा.

फोटोंचे अल्बम, पासपोर्ट, कराचे कागद, कधीकधी अस्थींचा कलशही निघतो. हे तुमचं नव्हे. लिलावाच्या अटींतच ते गाळ्याच्या ऑफिसात परत द्यायचं लिहिलेलं असतं. एक खोकं पहिल्यापासून त्यासाठी बाजूला ठेवा, देताना पोच घ्या, आणि त्याच खिडकीवर अनामत मागा.