प्रेमकथा लिहिताय? आधी अडचण शोधा

पाऊस, बसस्टॉप, दोघांत एक छत्री. पहिली भेट कुणालाही सुचते. ही दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत, हे सुचायला मात्र डोकं खाजवावं लागतं, आणि गोष्ट उभी राहते ती त्यावरच.

काय करावे

• अडचण खरी ठेवा. एका फोनने मिटेल असा गैरसमज दोनशे पानं तगत नाही. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडण्याचे दिवस मोबाइलने संपवले. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) वाचा. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट; तिच्यावर चक्रधर हा मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. मुंबईला तो उतरणार, तिला पुढे जावं लागणार. आगाऊ मामा नको, की कपटी मैत्रीण नको. बोटीचा मुक्काम जवळ येतोय, एवढंच पुरतं.

• निम्मी अडचण स्वभावात असू द्या. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) डार्सी पहिली मागणी घालतो ती ६१ पैकी ३४व्या प्रकरणात. तीही तिच्या घरच्यांचं कमीपण बोलून दाखवत. एलिझाबेथ त्याला झाडते. पुढचं जवळजवळ अर्धं पुस्तक दोघांच्या मतपरिवर्तनाचं आहे. हे पुस्तक पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक भेटीत कुणाला कुणाबद्दल नवं काय कळलं, ते समासात टिपा. चार कार्यशाळांची फी वाचेल.

• दोघांना पोटापाण्याचा उद्योग द्या आणि तो पानावर दिसू द्या. ती सीएच्या ऑफिसात असेल तर मार्चअखेरीला भेटणार नाही. तो रुसेल. झाला प्रसंग.

• 'अहो-जाहो'वरून 'अरे-तुरे'वर कधी यायचं, ते आधी ठरवा. आपल्याकडे ही मोठी घटना असते. तिसऱ्या पानावर सहज उरकू नका. पहिलं 'तू' भांडणात निघालं तर फारच छान.

• तंत्रासाठी ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' चाळा. त्यांच्या नायिका आज चालणार नाहीत, पण उत्कंठा कशी वाढवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

• शेवट ठरवूनच लिहायला बसा. 'रणांगण' शोकान्त आहे. मिल्स अँड बूनच्या वाचकाला मात्र सुखान्तच हवा असतो, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवलात तर दोन्हीकडचे वाचक गमावाल.

काय टाळावे

• 'तिच्या हृदयाची धडधड वाढली.' नको. तो काउंटरपाशी आला आणि तिने सही केलेल्या फॉर्मवर पुन्हा सही केली, एवढंच लिहा. धडधड वाचकाला ऐकू येते.

• नकाराला होकार समजणारा नायक. सिनेमाने त्याला फार लाडावून ठेवलंय. नको म्हटल्यावरही बाईचा पाठलाग करत राहणं हा आपल्या कायद्यात २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

• बिनआडनावाची माणसं. मराठी घरात लग्नाचा विषय निघाला आणि आडनाव कुणी विचारलंच नाही, यावर कोण विश्वास ठेवील? जात लपवून लिहिलेली प्रेमकथा गुळगुळीत होते, आणि खरी अडचण हातची जाते ती वेगळीच.

• मोगरा, चांदणं, मारवा. एका कथेत एकच.

• शृंगार लिहिताना उपमांचा ढीग. संकोच वाटत असेल तर सरळ खोलीचं दार लावून घ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या चहापासून पुढे लिहा.

• दिवाळी अंकाला ऐनवेळी कथा पाठवणं. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. शब्दमर्यादा आधी विचारा, आणि कथा कशी सुचली याचं दोन पानी पत्र सोबत जोडू नका. संपादक ते वाचत नाहीत.