क्लिक... बघा... पुन्हा क्लिक!

फोटोग्राफी म्हणजे श्रीमंतांचा छंद, असं मी विद्यार्थी असताना सगळेच म्हणायचे. ३६ फोटोंचा एक रोल आम्ही तिघांत मिळून घ्यायचो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १२ फोटो. रोल संपायला महिना जायचा, मग तो स्टुडिओत धुवायला टाकायचा, मग प्रिंट. प्रिंट हातात येईपर्यंत कुठला फोटो कोणत्या सेटिंगवर काढला होता, हे कोणाला आठवणार? एक फोटो झकास यायचा, दुसरा काळाकुट्ट. पण का, ते कळायचंच नाही. पुढे नोकरी लागली, कॅमेरा कपाटात गेला आणि नाद सुटला.

तो परत लागला डिजिटल कॅमेऱ्यामुळे. फोटो फुकट झाले म्हणून नव्हे हं! खरं कारण तुम्ही कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकता तेच: फीडबॅक. फोटो काढल्याकाढल्या दिसतो. शिवाय शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे आकडे फाईलमध्ये आपोआप नोंदले जातात. याला ‘एक्झिफ’ म्हणतात. म्हणजे प्रयोग, रीडिंग आणि रिझल्ट एकाच जागी!

याच्या मुळाशी आपलेच इंजिनिअर बंधू आहेत. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. तिला २००९ साली नोबेल मिळालं. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, रिझोल्यूशन फक्त ०.०१ मेगापिक्सेल आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद. पण तो फोटो रोल न धुता टीव्हीवर बघता येत होता. खरी क्रांती ती!

आता तीन प्रयोग. सगळे हॉस्टेलवर होतात. मॅन्युअल मोडचा कॅमेरा नसला तरी बऱ्याच फोनमध्ये ‘प्रो’ मोड असतो, तो चालेल.

प्रयोग १, शटर: दिवसा, खिडकीच्या उजेडात खोलीतल्या पंख्याचा फोटो काढा. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो असं धरा, म्हणजे सेकंदाला १८०० अंश. १/३० सेकंदात पातं ६० अंश फिरतं, फोटोत नुसता धूसर पट्टा येतो. १/१००० सेकंदात ते फक्त १.८ अंश सरकतं, म्हणजे जवळजवळ थांबलेलं दिसतं. हा प्रयोग ट्यूबलाइटखाली नको. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि फोटोचा उजेड दर वेळी वेगळा येतो.

प्रयोग २, अ‍ॅपर्चर: कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या एकामागे एक ठेवा. पहिलीवर फोकस करून एफ २.८ आणि एफ ८ वर फोटो घ्या. पहिल्यात मागच्या बाटल्या विरघळतील, दुसऱ्यात बऱ्यापैकी स्पष्ट दिसतील. पण एफ ८ ला उजेड सुमारे एक अष्टमांशच मिळतो, म्हणून शटर आठपट वेळ उघडं ठेवावं लागतं. फुकट काहीच नाही! (बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलत नाही, त्यामुळे इथे मात्र कॅमेरा लागेल.)

प्रयोग ३, आयएसओ: रात्री जिन्यात आधी आयएसओ १०० आणि मग १६०० वर फोटो काढा. दुसऱ्या वेळी शटरचा वेळ सोळापट कमी करा. फोटो तेवढाच उजळ येईल, पण त्यात दाणे दिसतील. आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही, फक्त सिग्नल मोठा होतो. फोटॉन सोळापट कमी आले, तर सिग्नल-टू-नॉइज रेशो वर्गमुळाच्या हिशोबाने साधारण चौपट घसरतो. सिग्नल्सच्या पेपरात रटलेलं सूत्र इथे डोळ्यांना दिसतं!

आमच्या कॉमन रूमच्या बोर्डावर आम्ही दर रविवारी एक फोटो लावायचो, खाली सेटिंगचे आकडे. एकदा एका विद्यार्थ्याने गच्चीवरचा फोटो लावला. वॉचमनकाका थांबून म्हणाले, “अरे बाबा, आभाळ पांढरं कसं आलं? त्या दिवशी तर चांगलं निळं होतं!” सगळे गप्प. मग उत्तर शोधणं आलंच. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बादली. ती भरून वाहू लागली की पुढचा उजेड मोजलाच जात नाही, आणि नंतर कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी तो परत येत नाही. पुढच्या रविवारी त्याने एक्स्पोजर कमी करून फोटो घेतला. आभाळ निळं आलं आणि काका खूश!

म्हणूनच आज वाईट वाटतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो फोटो, पण काढल्यावर पुन्हा बघतो कोण? फीडबॅकची वायरच तुटली, तर ते सिस्टिम शिकणार कसं? अशाने हा आनंद पुन्हा हातचा जाईल, आणि या वेळी महागाईला दोष देता येणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी एवढंच करा: दहा फोटो काढा, नीट बघून नऊ पुसा, उरलेल्याखाली आकडे लिहा आणि तो रूमपार्टनरला दाखवा. तो “असं का आलं रे?” म्हणाला, की समजा तुमचा अभ्यास सुरू झाला!