हाय खाल्लेली मुले

मागच्या महिन्यात आमचे एक शिक्षक वाचक दवाखान्यात आले. स्वतःचे दुखणे काहीच नव्हते. स्वीडनमधील निर्वासितांच्या मुलांवर २०१९ साली निघालेला एक माहितीपट त्यांनी पाहिला होता. "डॉक्टरसाहेब, धडधाकट पोरं महिनोन्‌महिने डोळे मिटून पडून राहतात, नाकातल्या नळीनं दूध घालावं लागतं, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल! हा आजार म्हणायचा की सोंग?" बाहेर बाकड्यावर पेशंट ताटकळत होते, त्यामुळे उत्तर राहून गेले. ते आज देतो.

स्वीडनमध्ये अशी मुले १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागली. २००३ ते २००५ या काळात त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. बहुतेक कुटुंबे पूर्वीच्या सोव्हिएत संघातून किंवा युगोस्लाव्हियातून जीव वाचवून आलेली होती. मारहाण, अत्याचार, धमक्या मुलांनी डोळ्यांदेखत पाहिलेल्या. पण आजार तेथे असताना झाला नाही. स्वीडनमध्ये येऊन काही वर्षे झाली, मुले शाळेत रमली, भाषा शिकली, आणि मग आश्रयाचा अर्ज फेटाळल्याचे सरकारी पत्र आले. आई-वडिलांना स्वीडिश येत नाही, म्हणून ते पत्र वाचून दाखवण्याची वेळ पुष्कळदा त्या मुलावरच येते. 'परत जा' हे घरात पहिल्यांदा वाचणारा तोच!

पुढे मूल हळूहळू मिटत जाते. झोप उडते, खेळणे थांबते, बोलणे कमी होत होत बंद पडते, जेवण सुटते. शेवटी ते अंथरुणाला खिळते. हाक मारा, चिमटा काढा, बर्फ लावा, काही प्रतिसाद नाही. लघवी-संडास जागेवरच. स्वीडिश भाषेतील नावाचा अर्थ 'आशा सोडून देणे' असा आहे. इंग्रजीत रेझिग्नेशन सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडची म्हातारी माणसे एका वाक्यात सांगतील, पोराने हाय खाल्ली.

आता निदानाचा प्रश्न. प्रतिसाद न देणारे मूल समोर आले की डॉक्टरने आधी शरीराचाच विचार करायचा. रक्तातील साखर उतरली आहे का किंवा फार चढली आहे का, मेंदूज्वर, डोक्याला मार, विषबाधा, लिव्हरची कावीळ, झटके न दिसणारी फिट. हे सगळे तपासून बाजूला सारायचे. स्वीडनमधल्या या मुलांत नाडी, रक्तदाब साधारण ठीक असतात, बाहुल्या उजेडाला आकसतात, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो. मेंदूचा आलेख काढला तर झोपेचे आणि जागेपणाचे चक्र चालू दिसते, स्कॅनमध्ये दोष नसतो. म्हणजे हा नेहमीचा कोमा नव्हे. कॅटाटोनिया नावाच्या मानसिक आजाराशी त्याचे बरेच साम्य आहे. तो वेगळा ओळखण्यासाठी हातपाय ठेवू तसे राहतात का हे पाहतात, लोराझेपाम देऊन फरक पडतो का हेही पाहतात. तरी हा त्याचाच प्रकार की स्वतंत्र आजार, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. स्वीडनच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली.

'कोमा नाही' येथून 'म्हणजे नाटक आहे' येथे उडी मारणे फार सोपे असते. मी ती मारलेली आहे. नवीन नोकरी होती, ग्रामीण रुग्णालयात. ऊसतोडीच्या टोळीतील बारा-तेरा वर्षांची मुलगी बैलगाडीतून आणली होती. आठ-दहा दिवस गप्प गप्प, खात नव्हती, त्या दिवशी डोळेच उघडेना. पडलेला हात उचलून तिच्याच चेहऱ्यावर सोडला. तो बाजूला पडला. आम्हाला शिकवलेच होते तसे. मी अमोनियाचा बोळा नाकाशी धरला आणि बापाला सुनावले, "काही झालं नाही हिला, ढोंग करतेय." संध्याकाळी वरिष्ठ डॉक्टर आले, तिच्या मानेखाली हात घातला. मान ताठ होती. पाठीतले पाणी काढून तपासले, मेंदूच्या आवरणाचा क्षय निघाला. मुलगी वाचली, पण बापाने मला जाताना हात जोडले त्याची लाज आजही वाटते. हा क्षय मुलांत असाच येतो. आधी नुसते मलूल, चिडचिडे, अबोल. तेव्हा असे मूल दिसले तर अंगारे-धुपारे करीत बसू नका, शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवून दवाखान्यात आणा.

स्वीडनमध्ये हाच वाद राजकारणात गेला. आई-वडीलच मुलांना गुंगीचे औषध देतात, परवान्यासाठी सोंग करायला लावतात, असे आरोप झाले. ते अगदीच हवेतले नव्हते. २०१९ मध्ये तेथील एका मासिकात मोठ्या झालेल्या दोघांनी सांगितले की, लहानपणी घरच्यांनी आपल्याला पडून राहायला भाग पाडले होते. अशी फसवणूक झाली तर तीही मुलावरचा अत्याचारच, आणि डॉक्टरने तिच्याबद्दल सावध असलेच पाहिजे. पण त्यावरून शेकडो मुलांना खोटे ठरवता येत नाही. २०१८ मध्ये पॅसिफिकमधील नाऊरू बेटावर, ऑस्ट्रेलियाने अडकवून ठेवलेल्या निर्वासितांच्या मुलांतही डॉक्टरांना असेच चित्र दिसले होते.

औषध म्हणाल तर हमखास असे काही नाही. नळीने अन्न, कूस बदलणे, सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम. हे बहुतेक घरी आई-वडीलच करतात. कुटुंबाला राहण्याचा परवाना मिळाला, घरातली भीती ओसरली, की मूल सावरू लागते असा तेथील अनेक डॉक्टरांचा अनुभव आहे. आई-वडिलांपासून दूर ठेवल्यास मुले सुधारतात असे म्हणणारेही आहेत. परवान्याचे पत्र आले म्हणून मूल दुसऱ्या दिवशी उठून बसत नाही. ते पत्र त्याला ऐकूही येत नसावे असे वाटते. घरातल्यांच्या आवाजातला, हाताच्या स्पर्शातला फरक मात्र पोहोचत असावा. डोळे किलकिले होतात, चमचाभर पाणी गिळले जाते, मग मान धरते. बोलणे बरेच उशिरा येते. यात महिने जातात, कधी वर्षही. बरा झालेल्या एका मुलाने नंतर सांगितले की, आपण खोल समुद्रात एका काचेच्या पेटीत आहोत आणि जरा हललो किंवा बोललो तरी काच फुटून पाणी आत येईल, असे त्याला वाटत होते.