लाकडी बैल आणि टिकल्यांचे पिस्तूल

चंद्रपूर जिल्ह्यात मूल हे तालुक्याचे गाव आहे. सभोवती धानाची शेते आणि त्यांच्या पलीकडे जंगल. म्हणूनच हा सारा मुलूख झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. धानाची कापणी आटोपली की येथे नाटकांचे दिवस सुरू होतात. रात्री मंडपात आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर एकत्र बसते. रंगमंचावर तलवारी उपसल्या जातात, कोणी गतप्राण होऊन पडतो, आणि लहानगे मूल आईच्या पदराआड तोंड लपविते. पण पहाटे तोच मेलेला मनुष्य तोंडाचा रंग पुसत चहा पिताना त्याला दिसतो. मरण खोटे होते, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

कथेत युद्ध असणे ही नवी गोष्ट नव्हे. महाभारतातून युद्ध वगळले, तर उरेल काय? नवी आहे ती मुलांना गिऱ्हाईक समजून त्यांच्यासाठी मारामारीचा माल तयार करण्याची रीत.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवितात. हे खेळणे घरच्या गोठ्यातून आलेले असते. टिकल्यांचे पिस्तूल मात्र चित्रपटातून दुकानात येते; खरे पिस्तूल बहुतेक मुलांनी कधी पाहिलेलेही नसते.

या रीतीची चिंता जुनी आहे. अमेरिकेत मुलांसाठी रक्तपाताच्या चित्रकथा खपू लागल्या, तेव्हा मोठा गवगवा झाला आणि १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर निर्बंध घालून घेतले. इंग्लंडने १९५५ साली कायदा केला. भारतानेही १९५६ साली क्रौर्याची गोडी लावणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. अशी पुस्तके विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो कायदा छापील कागदापुरता. पडदा त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

पुढे १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली. घरोघरची मुले त्या वीराचा पोशाख मागू लागली. तो वाचवायला येईल, या भरवशावर काही मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या. त्या बातम्यांच्या खरेपणाविषयी वाद झाला. तरी आपले अनुकरण करू नका, असे नायकाची भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांना सांगावे लागले.

त्यानंतर भ्रमणध्वनीवरील खेळ आले. ‘पबजी’ या खेळात मेलेला खेळाडू नाहीसा होतो. मागे एक पेटी उरते, आणि मारणारा तीतून बंदूक व औषधे काढून घेतो. येथे तोंडाचा रंग पुसणारा कोणी नाही! खेळ फुकट असतो. पैसा मिळतो तो खेळातील पोशाख आणि बंदुकांचे रंगीत साज विकून. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने या खेळावर बंदी घातली; परंतु तिचे कारण देशाची सुरक्षितता हे होते, मुलांचे मन नव्हे. २०२१ साली तोच खेळ नाव बदलून परत आला.

मुलांच्या अननुभवाचा व भोळेपणाचा जाहिरातीने फायदा घेऊ नये, असा नियम भारतात २०२२ साली झाला. परंतु जेथे नवी बंदूक मिरविणे हाच खेळाचा भाग असतो, तेथे खेळ कोठे संपला आणि जाहिरात कोठे सुरू झाली, हे मोठ्यांनाही चटकन ओळखता येत नाही.