ऑर्लँडोला निघण्याआधी

टँपा, फ्लॉरिडा

प्रिय चिऊ,


तुझा फोन ठेवल्यापासून तुमची डिस्ने वर्ल्डची सहल माझ्या डोक्यात घोळते आहे. खर्चाचे आकडे तू घाईघाईत सांगितलेस आणि शेवटी म्हणालीस, "उरलेलं क्रेडिट कार्डावर टाकू मावशी, वर्षभरात फिटेल." ते मला पटलेलं नाही. सहल रद्द करा असं मी मुळीच म्हणणार नाही. मोठी नऊ वर्षांची झाली आहे, तुझे सासू-सासरे दसरा करून सांगलीहून येत आहेत, तीन पिढ्यांनी मिळून फिरण्याचे योग पुन्हा पुन्हा येत नाहीत. जरूर जा. पण व्याजाच्या पैशांनी जाऊ नका, आणि नीट आखलंत तर तशी वेळ येणारही नाही.

ऑर्लँडो आमच्यापासून गाडीने दीड तासावर. त्यामुळे तिकडे जाणारी आपली मंडळी येता-जाता आमच्याकडे उतरतात आणि त्यांचे हिशेब मी ऐकत असते. बहुतेकांचा पैसा तारीख निवडतानाच गेलेला असतो. मग तो भरून काढायला पार्कात पोरांच्या आइस्क्रीमवर आणि फुग्यावर कात्री लागते. दिवसभर "नको", "राहू दे", "केवढं महाग आहे ते" हे ऐकून मुलं हिरमुसतात. चिऊ, काटकसर घरी कॅलेंडर समोर ठेवून कर, म्हणजे तिथे गेल्यावर मनासारखं वागता येईल.

तू नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरला आहेस, कारण शिक्षकांच्या अधिवेशनामुळे तेव्हा न्यू जर्सीच्या शाळा गुरुवार-शुक्रवार बंद असतात. हाच विचार तुझ्या राज्यातली हजारो कुटुंबं करतात. डिस्नेच्या वर्तुळात त्या आठवड्याला 'जर्सी वीक' असंच नाव पडलं आहे. विमानं भरलेली, हॉटेलं चढ्या भावाची आणि रांगा लांबलचक. २०१८ पासून डिस्ने वर्ल्डच्या तिकिटाची किंमत तारखेवर ठरते. अलीकडच्या वर्षांत एका दिवसाचं सर्वात स्वस्त तिकीट १२० डॉलरच्या आसपास आहे, तर नाताळच्या आठवड्यात तिथल्या मॅजिक किंगडम पार्काचं तिकीट २०० डॉलरच्या घरात जातं. नुसता ४० डॉलरचा फरक धर. तुम्हा दोघांची आणि मोठीची मिळून तीन तिकिटं आणि चार दिवस म्हणजे ४८० डॉलर वाचले, तेही घरबसल्या.

माझं ऐकशील तर जानेवारीचा शेवटचा आठवडा घे. मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी संपलेली असते, प्रेसिडेंट्स डेची गर्दी अजून लांब असते. मोठीची शाळा तीन-चार दिवस बुडेल, तर बुडू दे. तिसरीतल्या मुलीचं तेवढ्याने काही बिघडत नाही. बाईंना आधी विचारून अभ्यास मागून घे. शिवाय तुझा धाकटा मार्चमध्ये तीन पूर्ण करतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच लागत नाही, म्हणजे जानेवारीत तो फुकट येईल आणि एप्रिलमध्ये त्याचं जवळजवळ मोठ्यांइतकं तिकीट पडेल. मोठीचंही तेच. दहा वर्षं पूर्ण झाली की तिथे मूल 'मोठं' धरतात.

जानेवारीत उणं काय, तेही सांगते. फ्लॉरिडात तेव्हा सकाळी चांगलाच गारठा पडू शकतो, स्वेटर आणि कानटोप्या घ्या. पार्क लवकर बंद होतात आणि काही राइड्स दुरुस्तीसाठी बंद असतात. कोणती बंद आहे ते आधी बघून मोठीला सांगून ठेव. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही दर उतरतात, पण तेव्हाचा उकाडा आणि वादळांचा मोसम सासू-सासऱ्यांना सोसणार नाही.

आता तिकिटं. डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत. मॅजिक किंगडम १९७१ मध्ये उघडलं, मग १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. चारही बघायलाच हवीत असं कुणी सांगितलं? एका दिवसात दोन पार्कांत ये-जा करू देणारं 'पार्क हॉपर' तर घेऊच नकोस. दोन वर्षांच्या पोराला घेऊन एक पार्कसुद्धा पुरा होत नाही. तुमच्यासाठी तीन दिवस पुरेत, फार तर चार. आणि सगळ्यांची तिकिटं सारख्याच दिवसांची हवीत असा नियम नाही. सासू-सासऱ्यांना दोनच दिवसांची घे. एक दिवस मॅजिक किंगडम, नातवंडांचे चेहरे बघण्यासाठी. एक दिवस अ‍ॅनिमल किंगडम, कारण तिथले वाघ आणि सफारी त्यांना मनापासून आवडतील. उरलेल्या दिवशी त्यांना मुक्कामावर विश्रांती घेऊ दे. त्यांच्या पायांनाही ते बरं आणि खर्चालाही.

एका संध्याकाळी त्यांना अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सनाआ' या रेस्टॉरंटमध्ये ने. तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही, टेबल मात्र आधी राखून ठेव. नान आणि त्याबरोबर तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या असा एक पदार्थ तिथे मिळतो, चौघांत मिळून मागवता येतो. उजेड असताना जा, म्हणजे खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतील. मोठ्या माणसांना एवढ्या पैशांत याहून जास्त आनंद देणारी जागा मला त्या सगळ्या परिसरात माहीत नाही.

डिस्नेच्या हॉटेलात राहायचं की बाहेर, हे तू विचारलं होतंस. तुम्ही सहा जण. साध्या खोलीत चौघंच मावतात, मग दोन खोल्या किंवा महागडा फॅमिली स्वीट घ्यावा लागतो. त्यापेक्षा जवळच्या किसिमी गावाकडे तीन बेडरूमचं, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन असलेलं घर आठवड्याच्या भाड्याने घ्या. भाड्याबरोबर सफाईचं शुल्क आणि कर किती, ते आधी बघ. एक गोष्ट हिशेबात धर: बाहेर राहणाऱ्यांना पार्कचं पार्किंग रोज तीस-पस्तीस डॉलर पडतं, डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ते माफ असतं. तरीही सहा माणसांना घरच परवडतं, कारण सकाळी पोहे-उपमा करून निघता येतं आणि रात्री वरणभाताचा कुकर लावता येतो.

डबा नेण्यात संकोच करू नकोस. डिस्ने वर्ल्डच्या पार्कांत घरचं खाणं नेऊ देतात. काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दाण्याची चटणी, केळी असं घे. बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका. धाकट्याची स्ट्रोलर घरूनच आणा, विमानात तिचे पैसे पडत नाहीत.

रांग टाळण्यासाठी 'लायटनिंग लेन' नावाची सोय पैसे भरून मिळते, तिचीही किंमत दिवसागणिक बदलते. जानेवारीत तिची गरज पडू नये. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी तिथे पोचा, पहिल्या दोन तासांत मोठ्या राइड्स उरकतात. ज्या राइडवर धाकट्याची उंची पुरत नाही तिथे कर्मचाऱ्याला 'रायडर स्विच' सांगा. तुमच्यापैकी एकजण आत जातो, दुसरा बाळाजवळ थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. याला पैसे नाहीत.

किसिमीच्या रस्त्यावर "स्वस्त तिकिटं" अशा पाट्या दिसतील. तिथे थांबूसुद्धा नका. तिकीट एकाचं दुसऱ्याला चालत नाही, दारावर बोट स्कॅन करतात. कुणी फुकट तिकीट देतो म्हणाला तर त्यामागे टाइमशेअर गळ्यात मारणारी लांबलचक बैठक असते. त्यात सहलीचा अर्धा दिवस जातो आणि भिडस्त माणूस सही करून बसतो. तुझा नवरा भिडस्त आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

मोठीसाठी डिस्नेचं एक गिफ्ट कार्ड घेऊन तिच्या हातात दे, साठ-सत्तर डॉलरचं. मिकीचे कान घे, बाहुली घे, आइस्क्रीम खा, सगळं तिच्या पैशांतून, तिच्या मर्जीने. मग एकदाही "नको" म्हणू नकोस. पहिल्याच दुकानात संपवलंन तरी बोलू नकोस.

आणि दोन गोष्टींत पैसे वाचवू नकोस. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी पार्कात चाकांची खुर्ची भाड्याने घे, ते नको म्हणाले तरी घे. आणि अमेरिकेत येण्याआधीच दोघांचा आरोग्य विमा काढ. इथली एक इमर्जन्सी रूमची चक्कर तुमच्या सहलीच्या कितीतरी पट महाग पडू शकते.

विमानाची तिकिटं काढण्याआधी शाळेत विचार आणि मला फोन कर. परतीच्या आधी दोन रात्री आमच्याकडे राहा, तेवढंच किसिमीचं भाडं वाचेल.

तुझी,
मावशी